कुंग फू मैदानात उतरतं तेव्हा

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय होता कुंग फू आणि सांघिक खेळ यांची मोट बांधणारे विनोदी चित्रपट. सोलापुरातून आलेल्या पत्रांत हे चित्रपट बघणाऱ्यांपेक्षा स्वतः करू पाहणारेच जास्त निघाले, म्हणून उत्तरंही त्याच अंगानं दिली आहेत.

प्रश्न : कॉलेजच्या गॅदरिंगसाठी आम्ही दहा मिनिटांची फिल्म करतोय, ‘शाओलिन सॉकर’च्या धर्तीवर, पण फुटबॉलऐवजी कबड्डी. कथा सोबत पाठवली आहे. वाचून दाखवली की मित्र म्हणतात, ‘काय बे, हसायचं कुठं?’ काय चुकतंय? – विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या कथेत पहिली चार पानं कोणाकडे कोणती शक्ती आहे हे सांगण्यात जातात आणि कबड्डी उगवते पाचव्या पानावर. गोम तिथंच आहे. ‘शाओलिन सॉकर’ या हाँगकाँगच्या चित्रपटात (2001) दिग्दर्शक आणि नायक स्टीफन चाऊनं फुटबॉल संघातल्या प्रत्येक गुरुबंधूला एकच विद्या दिली आणि ती फुटबॉलच्या एकेका कामाला नेमून टाकली. लोखंडी डोक्याचा भाऊ हेडर मारतो. रिकाम्या हातांची विद्या शिकलेला भाऊ गोलकीपर होतो, कारण फुटबॉलमध्ये हात वापरायची मुभा त्यालाच असते. अगडबंब देहाचा भाऊ हवेत पिसासारखा तरंगतो. विद्या कितीही अचाट असली तरी ती खेळाच्या नियमाला चिकटलेली आहे. तुमच्या कथेतला नायक चढाईला जातो आणि सगळ्यांना उडवून परत येतो. त्यात कबड्डी नाही, नुसती मारामारी आहे.

उलट बाजूनं लिहा. आधी नियम मांडा, मग त्या नियमाला कुंग फू कसं अडखळतं किंवा कसं पुरून उरतं ते बघा. चढाईला 30 सेकंद मिळतात. गुरूनं शिकवलंय, ‘प्रहाराआधी मन शांत कर.’ शिष्य समोरच्या अंगणात डोळे मिटून ‘कबड्डी कबड्डी’ पुटपुटत उभा, आणि विरोधी सात जण घड्याळाकडे बघतायत. मन शांत झालं, वेळ संपली, गडी बाद. दुसरा नियम निदान रेषेचा : कोणालाही न शिवता परतायचं असेल तर ती रेषा एकदा तरी ओलांडावी लागते. एखादा गडी दोन मिनिटं पुरतील एवढ्या फिरक्या, लाथा आणि आरोळ्या 25 सेकंदांत उरकून ऐटीत परततो, तर पंचांचा हात वर. रेषा ओलांडायची राहिली.

सगळ्यात चांगला माल बाजूच्या राखीव पट्टीत आहे. झटापट सुरू होण्याआधी बचावाचा गडी त्या पट्टीत गेला तर तो बाद. आता तुमचा चढाईवाला नुसत्या तळहाताच्या वाऱ्यानं माणसं ढकलतो असं धरा. त्यानं कोणाला शिवलेलं नाही, पण तिघं भेलकांडत पट्टीत गेले. पंच नियमांचं पुस्तक काढतात, पानं उलटतात, एकमेकांच्या कानाला लागतात आणि मुकाट्यानं तीन गुण देतात. इथं हसू येतं, कारण निकाल नियमाला धरून आहे.

एक पथ्य सांभाळा. ज्या नियमावर शेवटचा विनोद उभा आहे तो नियम प्रेक्षकाला आधीच दिसलेला हवा. पहिल्या, हरलेल्या सामन्यात तुमचाच गडी चुकून राखीव पट्टीत जाऊन बाद होऊ द्या. मग अंतिम सामन्यात समजावून सांगावं लागणार नाही. वेळेची वाटणी साधारण अशी ठेवा : संघ जमणं दीड मिनिट, सराव दोन, हरलेला सामना दोन, अंतिम सामना चार, उरलेलं शेवटाला. अंतिम सामन्यात तीनच चढाया पूर्ण दाखवा, बाकीच्या गुणफलकावर उरकून टाका. अशा दहा मिनिटांना सव्वाशे ते दीडशे शॉट लागतात. नवख्या चमूचे दिवसाला तीसेक शॉट होतात, म्हणजे चार-पाच दिवस हाताशी हवेत. दोन दिवसांत उरकू म्हणणाऱ्यांचा अंतिम सामनाच अर्धा राहतो, कारण तो नेहमी शेवटी ठेवलेला असतो. तो पहिल्या दिवशी घ्या.

आणि न विचारलेला सल्ला : कबड्डी सोडा, खो-खो घ्या. फुटबॉलमध्ये ताकद चेंडूवर दाखवता येते. चेंडू पेटतो, जमीन उकरत जातो, आणि हे सगळं नंतर संगणकावर जोडता येतं. नटाला कोणी धक्काही लावलेला नसतो. कबड्डीत चेंडूच नाही. ताकद दाखवायची तर दर वेळी माणूस माणसावर आदळायला हवा आणि चौथ्या टेकला कोणाचा तरी गुडघा जातो. खो-खोत पकड नाही, नुसता स्पर्श आहे, आणि विनोदाला लागणारे नियम ढिगानं आहेत. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की त्याला मागं वळता येत नाही. मधली पट्टी ओलांडता येत नाही, पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालावा लागतो. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा निसटतो. विजेच्या वेगाचा, पण मागं वळता न येणारा योद्धा आणि त्याच्या पाठीमागं निवांत उभा असलेला पळणारा, हे चित्र कागदावरच हसवतं. बसलेला गडी ध्यानात इतका बुडालाय की पाठीवर ‘खो’ पडूनही उठत नाही, हे दुसरं. शिवाय एका बोटाचा ‘खो’ देणारा महागुरू आहेच, ज्याच्या टिचकीसरशी बसलेला गडी थेट खांबापाशी जाऊन पोचतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष, महिला दोन्ही संघ जिंकले. त्या सामन्यांची चित्रफीत हळू वेगात बघा. खांबाला धरून घेतलेली वळणं आणि जमिनीलगतच्या झेपा बघितल्या की हवेत उडायची गरज किती कमी आहे ते कळेल.

प्रश्न : ‘शाओलिन सॉकर’ सोडून या जातीचे आणखी कोणते चित्रपट बघावेत? – मुरारजी पेठ

उत्तर : मागून पुढं या. जॅकी चॅनच्या ‘ड्रॅगन लॉर्ड’मध्ये (1982) पिसांचं फूल पायानं उडवायच्या खेळाचा अख्खा सामना आहे. फुलाला हात लावायचा नाही, गोल करायचा. मारामारी जवळजवळ नाही, पण मांडणी पूर्णपणे कुंग फूची : रुंद चौकट, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि एकाच शॉटमध्ये तीन-चार हालचाली सलग होतात. शिकण्यासारखं सर्वात जास्त इथं आहे. पुढच्याच वर्षी युएन बियाओ या नटाचा ‘द चॅम्पियन्स’ (1983) आला, तो सरळ फुटबॉलवर. त्यात कसरत नटाच्या अंगची आहे.

2008 मध्ये दोन आले. ‘कुंग फू डंक’ हा तैवानचा, गायक जे चाऊला घेऊन बास्केटबॉलवर केलेला. ‘शाओलिन गर्ल’ हा जपानी, लॅक्रोसवर (जाळी लावलेल्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा सांघिक खेळ). त्याच्या निर्मितीत स्टीफन चाऊचा हात आहे आणि ‘शाओलिन सॉकर’मधले दोन चेहरेही दिसतात. आमच्या मते दोन्ही मूळ चित्रपटाच्या पासंगालाही पुरत नाहीत. ‘कुंग फू डंक’मध्ये उडी इतकी उंच जाते की बास्केट किती उंचावर आहे याला अर्थच उरत नाही. ‘शाओलिन गर्ल’मध्ये खेळ अर्ध्यावर मागं पडतो. तरी बघा. काय करू नये तेही बघून कळतं.

‘शाओलिन सॉकर’ बघताना हाँगकाँगमधली मूळ आवृत्ती मिळते का ते पाहा. अमेरिकेत 2004 साली लावलेली आवृत्ती बरीच कापलेली आहे, आणि कात्री लागते ती मारामारीला नव्हे, हळू विनोदाला.

प्रश्न : उडती किक दाखवायची आहे. शेतातल्या चिंचेच्या फांदीवरून दोर टाकून, कमरेला कारखान्यातला जाड कापडी पट्टा बांधून नटाला ओढायचा विचार आहे. एक जण क्रेन द्यायलाही तयार आहे. दोर किती जाडीचा घ्यावा? – अक्कलकोट रस्ता

उत्तर : कुठल्याच जाडीचा घेऊ नका. दोर तुटेल ही भीती दुय्यम आहे. दोर टिकला तरी माणूस टिकत नाही. कमरेच्या एकाच पट्ट्यावर लटकलेला माणूस झटका बसताच मधोमध मोडल्यासारखा वाकतो आणि सगळा भार पोट, बरगड्या आणि मणक्यावर येतो. 60 किलोचा माणूस अर्धा मीटर पडून ताठ दोरावर अडकला तर क्षणभर बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. खरबरीत फांदीवर दोर घासतो तो वेगळाच. क्रेन तर त्याहून वाईट, कारण तिला हळूच थांबणं जमत नाही. हाँगकाँगच्या चित्रपटांत तारेवरचं काम करणारी माणसं तेवढंच काम वर्षानुवर्षं करत आलेली असतात. मांड्या, कंबर आणि खांदे तिन्ही धरणारा हार्नेस असतो, पुली असते, आणि ओढणारे हात तालमीतून आलेले असतात. चांगल्या हार्नेसमध्येही माणूस हालचालीविना लटकत राहिला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांत घेरी येते.

दोराशिवाय भागतं. हिशेब बघा. माणूस जागच्या जागी 45 सेंटिमीटर उडाला तर हवेत साधारण 0.6 सेकंद असतो. मोबाईलवर सेकंदाला 120 फ्रेमनी टिपून 25 फ्रेमनी दाखवलं की तेच जवळपास 3 सेकंद होतात. उडत्या लाथेला तीन सेकंद पुष्कळ झाले, त्याहून जास्त दाखवलं तर लोक कंटाळतात. उडी तीन शॉटमध्ये तोडा. पहिला, पाय जमीन सोडतात तो, अगदी जमिनीलगतून. दुसरा, हवेतला : नट 50–60 सेंटिमीटरच्या भक्कम स्टुलावरून पुढं झेपावतो, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवरून वर बघतो आणि चौकटीत फक्त आभाळ. झाड, खांब, इमारत यांपैकी काहीही दिसलं की खरी उंची कळते. तिसरा, उतरल्यानंतरचा. त्यात नट आधीच उकिडवा बसलेला असतो आणि शॉट सुरू होताच नुसता उठतो.

स्टुलासमोर गाद्या लागतील. एक कापसाची गादी दबून जमीन लागते. दोन कापसाच्या आणि वर एक फोमची, असा थर किमान 2 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. घोटे मुरगळतात ते गाद्यांमधल्या फटीत. फट राहू देऊ नका. वर सोलापुरी चादर नुसती पसरू नका, ती पायाखालून सरकते. कडा गाद्यांखाली घट्ट दाबून घ्या. ज्यानं कधी उडी मारलेली नाही त्याला तालीम दिल्याशिवाय स्टुलावर चढवू नका. शहरात मल्लखांब करणारी मुलं मिळतात, हवेतला शॉट त्यांच्यापैकी कोणाला तरी द्या आणि चेहरा नायकाचा जोडा.

प्रश्न : रात्री मैदानावरच्या दिव्यांत स्लो मोशन घेतलं तर चित्रात काळे पट्टे लुकलुकतात. आणि मारामारी जलद केली की जुन्या मूकपटासारखी दिसते. – सात रस्ता

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत. आधी पट्टे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. साध्या चित्रीकरणात फ्रेम 25 आणि शटर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं की पट्टे जातात. 120 फ्रेमला हा उपायच लागू पडत नाही, कारण प्रत्येक फ्रेमला मिळतोच 1/120 सेकंद, आणि दिव्याच्या लयीशी तो जुळत नाही. 240 ला आणखी वाईट. म्हणून स्लो मोशन दिवसाउजेडी घ्या आणि रात्रीचा सामना साध्या वेगात. दोन्ही जोडायचं असेल तर कातरवेळ गाठा. पण ती वीसेक मिनिटांची असते, तेवढ्यात चार-पाच शॉटच होतील, तालीम आधीच झालेली हवी. मैदानाचे नवे एलईडी दिवे कधी अजिबात लुकलुकत नाहीत, कधी जुन्यांपेक्षा जास्त लुकलुकतात. आदल्या रात्री अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन मोठ्या पडद्यावर बघा. मोबाईलच्या पडद्यावर दोष लपतो.

आता वेग. हाँगकाँगची जुनी युक्ती अशी की चित्रीकरण 22 फ्रेमनी करायचं आणि दाखवायचं 24 नी. फरक नऊ टक्क्यांचा. 20 नी केलं तर 20 टक्के. बहुधा तुम्ही दीडपट-दुप्पट करताय. संकलनात 108 ते 112 टक्क्यांवर थांबा, 120 ही शेवटची हद्द. वेग वाढवल्याची चुगली अंगापेक्षा बाकीच्या गोष्टी करतात : फडफडणारा सदरा, मोकळे केस, उडणारी धूळ, मागून चालत जाणारा माणूस. जलद करायच्या शॉटमध्ये यातलं काही ठेवू नका. सगळा शॉट जलद करायचीही गरज नसते, प्रहाराआधीचा अर्धा सेकंद तेवढा करा. प्रहार लागल्यावर दोन फ्रेम गोठवल्या तर ठोसा दुप्पट जड वाटतो. ठोसा खरा लावायचा नाही हे गृहीत धरतो. गाल आणि मूठ यांत एक वीत अंतर, आणि कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या पाठीमागं, म्हणजे अंतर दिसत नाही. बाजूनं घेतलात की सगळं उघडं पडतं.

प्रहारासोबत धूळ उडालेली बरी दिसते. त्यासाठी मुलतानी माती वस्त्रगाळ करून सदऱ्यावर खांद्यापाशी आणि छातीवर थापा. मैदा किंवा पीठ नको, घामात त्याची कणीक होते. मिरवणुकीतला गुलाल तर नकोच, डोळ्यांत जातो आणि पुढच्या शॉटला कपडे जुळत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये शूटिंग असेल तर मोबाईल तापून आपोआप बंद पडेल, स्लो मोशनमध्ये लवकरच. कव्हर काढा, विमान मोड लावा, दोन शॉटमध्ये सावलीत ठेवा. बर्फाच्या डब्यात ठेवू नका, आत दव धरतं.

प्रश्न : ‘शाओलिन सॉकर’च्या शेवटच्या सामन्यात खेळाडू कमी पडून संघ बाद ठरणार असतो, तेवढ्यात नायिका गोलकीपर म्हणून येते. खऱ्या फुटबॉलमध्ये असं असतं का? – बाळीवेस

उत्तर : पहिला भाग खरा. एका बाजूचे सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढं चालवता येत नाही. दुसरा भाग चालणार नाही. बदली खेळाडूंची नावं सामना सुरू होण्याआधी द्यावी लागतात, मैदानाबाहेरून आलेल्या कोणालाही उतरवता येत नाही. पण तोवर त्या सामन्यात समोरचा संघ औषधं टोचून खेळतोय, तेव्हा नायिका म्युईनं डोक्याचं मुंडण करून यावं आणि ताई ची या संथ चिनी विद्येनं चेंडू झेलावा याला हरकत घ्यायला कोणी उरलेलं नसतं.

प्रश्न : शाळेच्या मुलींचा खो-खो संघ आहे, वय 12–13. त्यांना घेऊन पाच मिनिटांची फिल्म करायची आहे. कुंग फूच्या कोणत्या हालचाली शिकवाव्यात? – क्रीडाशिक्षिका, होटगी रस्ता

उत्तर : तीनच. पहिली, घोडेस्वाराची बैठक : पाय खांद्याच्या दुप्पट रुंद, बोटं समोर, गुडघे बोटांच्या दिशेनं, पाठ सरळ. मांड्या जमिनीला समांतर नाही गेल्या तरी चालेल. गुडघे आत पडू लागले की बैठक लगेच वर घ्या, दुखतं ते तिथंच. आधी 15 सेकंद, पंधरवड्यात 40 पर्यंत. दुसरी, चंद्रकोरीसारखी लाथ : ताठ पाय बाहेरून आत किंवा आतून बाहेर चेहऱ्यासमोरून फिरवायचा. दिसते मोठी, पण समोरच्याला लागत नाही, कारण पाय पुढं जातच नाही. मांडीच्या मागच्या शिरा मोकळ्या केल्याशिवाय ती करू देऊ नका, ताण बसतो. तिसरी, एका पायावर स्थिर राहणं. ही सगळ्यात अवघड, आणि पडद्यावर सगळ्यात जास्त उपयोगाची.

डोक्याच्या उंचीवर कोणाच्याही दिशेनं लाथ नको, जोडीनं झोंबी नको, सिमेंटच्या अंगणात काहीच नको. मुलींना खो-खो आधीच येतो, त्यामुळे खेळाचे शॉट खरेच घ्या. कुंग फू फक्त ‘खो’ द्यायच्या आधी आणि खांबाला वळताना. शूटिंग सकाळी नऊच्या आत संपवा. पालकांची परवानगी लेखी घ्या, आणि फिल्म कुठं दाखवणार आहात ते त्यात स्पष्ट लिहा.

प्रश्न : चित्र जमलं, पण ठोशांचे आवाज इंटरनेटवरून घेतलेत. सगळ्या रीलमध्ये तेच ऐकू येतात. – नवी पेठ

उत्तर : घरी करा, एका दुपारचं काम आहे. मोबाईल जाड रजईखाली धरून, पंखा आणि फ्रिज बंद करून ध्वनिमुद्रण घ्या. हवेचा सपकारा : दीड मीटरची वेताची छडी तोंडापासून दूर जोरात फिरवा. मोबाईल छडीच्या वाटेत नको, बाजूला हातभर अंतरावर, नाहीतर वाऱ्याचा नुसता खरखराट भरतो. जड ठोसा : ओला करून पिळलेला टॉवेल घडी घालून उशीवर आपटा. आपल्या टेरी टॉवेलइतकं चांगलं साधन मिळणार नाही. कोरडा टॉवेल पोकळ वाजतो, निथळता टॉवेल पाण्याचा आवाज देतो. हाड मोडलं : कडक भाकरी मोबाईलपासून वीतभर अंतरावर हळू मोडा. भाकरी खरंच कडक हवी, दमट झालेली नुसती फाटते. तीन-चार जाडीच्या भाकऱ्या घेतल्या की बोटापासून बरगडीपर्यंत सगळं निघतं.

एका ठोशाला तीन थर लावा : सपकारा, मग टॉवेल, मग अगदी बारीक आवाजात भाकरी. सपकारा ठोशाच्या चार-पाच फ्रेम आधी सुरू व्हायला हवा. बरोबर ठोशावर ठेवलात तर आवाज मागं पडल्यासारखा वाटतो. तिसरा थर दर वेळी लावू नका. दहा ठोशांत दोनदा पुरे, आणि त्यातला एक पंचांच्या बोटाला.